आधी आवाज, मग खेळ : मर्लिन ओल्सन आणि चाहत्यांची आठवण

मर्लिन ओल्सन हा अमेरिकी फुटबॉलपटू, समालोचक आणि अभिनेता. त्याचे ११ मार्च २०१० रोजी कॅलिफोर्नियातील दुआर्ते येथे वयाच्या ६९ व्या वर्षी निधन झाले. १९६२ ते १९७६ अशी पंधरा वर्षे तो लॉस एंजेलिस रॅम्स या एकाच संघाकडून खेळला. निवृत्तीनंतर त्याने एनबीसी या वाहिनीवर व्यावसायिक फुटबॉलचे समालोचन केले आणि त्याच वाहिनीवरच्या ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ या मालिकेत जोनाथन गार्व्ही नावाचा शेतकरी रंगवला. फुटबॉल म्हणजे इथे अर्थातच शिरस्त्राण घालून, अंडाकृती चेंडू हातात धरून खेळला जाणारा अमेरिकी खेळ. ओल्सन त्यात डिफेन्सिव्ह टॅकल होता, म्हणजे बचावफळीच्या अगदी मध्यावर उभा राहणारा दांडगा खेळाडू. उंची सहा फूट पाच इंच, वजन सुमारे २७० पौंड.

तो गेल्यावर चाहत्यांनी जे बोलून-लिहून ठेवले, त्याचा मथळा जवळजवळ सगळीकडे एकच होता : मैदानावर कर्दनकाळ, मैदानाबाहेर देवमाणूस. ‘जेंटल जायंट’ हे बिरुद तर त्याला हयातीतच चिकटले होते. त्यामागची समजूत अशी, की खेळाने त्याला मोठे केले, त्या मोठेपणाच्या जोरावर टीव्हीवर जागा मिळाली आणि लोकांना त्याचा स्वभाव आवडला म्हणून तो लक्षात राहिला. म्हणजे खेळाडू ही मूळ रक्कम आणि समालोचक व अभिनेता हे तिच्यावरचे व्याज.

ही समजूत उथळ आहे आणि तिच्यात क्रम उलटा लागला आहे. ओल्सन ज्या जागी खेळत असे, ती जागा सामान्य प्रेक्षकाला त्या काळात नीट दिसतच नव्हती. त्याच्या खेळाची अधिकृत मोजदाद होत नव्हती आणि घरच्या शहरातल्या टीव्हीवर घरचे सामने लागत नव्हते. चाहत्यांच्या मनातला ‘खेळाडू ओल्सन’ मोठ्या प्रमाणात नंतर घडला. आधी आकाशवाणीवर दुसऱ्याच्या तोंडून, पुढे त्याच्या स्वतःच्या समालोचनातून आणि शेवटी गार्व्हीच्या चेहऱ्यातून. त्याची दुसरी आणि तिसरी कारकीर्द पहिलीची शेपटे नव्हेत. पहिली कारकीर्द लोकांपर्यंत पोहोचली ती या दोन वाटांनी. हे पायरी-पायरीने पाहता येते.

पहिली पायरी : न दिसणारी जागा

अमेरिकी फुटबॉलमध्ये प्रेक्षकाची नजर चेंडूमागे धावते. चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात येतो, तो फेकतो किंवा दुसऱ्याच्या हाती देतो आणि टाळ्या पडतात त्या झेलाला किंवा धावेला. या सगळ्याच्या आधीचे दोन-तीन सेकंद मध्यभागी दहा-एक माणसे एकमेकांवर आदळत असतात. डिफेन्सिव्ह टॅकलचे सगळे काम त्या सेकंदांतच उरकते. समोरच्या फळीतला गार्ड धावेला वाट करून द्यायला पुढे येतो आहे की पास वाचवायला मागे सरकतो आहे, हे पहिल्या हालचालीतच ओळखायचे. आपल्या वाट्याची फट सोडायची नाही. दोघे अंगावर आले तरी पाय रोवून दोघांना अडकवून ठेवायचे, म्हणजे बाहेरचा सोबती मोकळा सुटतो. काम चोख झाले तर नाव त्या मोकळ्या सुटलेल्या सोबत्याचे होते.

रॅम्समध्ये हा सोबती होता डीकन जोन्स. डावीकडे टोकाला जोन्स, त्याच्या आतल्या बाजूला ओल्सन, उजवीकडे रोझी ग्रिअर आणि लमार लंडी : ही चौकडी ‘फिअरसम फोरसम’ म्हणून गाजली. १९६७ पासून ग्रिअरच्या जागी रॉजर ब्राउन आला. जोन्स चपळ, बोलका आणि नाट्यमय. क्वार्टरबॅकला मागेच गाठून पाडण्याच्या कृतीला ‘सॅक’ हे नाव रूढ करण्याचे श्रेय त्यालाच देतात. जोन्सला बाहेरून वळसा घालून मनसोक्त धावता यायचे, कारण आतली बाजू ओल्सनने सांभाळलेली असे. कधी दोघे वाटा अदलाबदल करत, ओल्सन बाहेर आणि जोन्स आत. गॅलरीतल्या माणसाला मात्र एवढेच दिसे, की क्वार्टरबॅक पडला आणि त्याच्या अंगावर जोन्स आहे.

आकड्यांनीही इथे साथ दिली नाही. एनएफएल या व्यावसायिक लीगने सॅक ही अधिकृत नोंद मानली ती १९८२ पासून. ओल्सन १९७६ च्या हंगामानंतरच थांबला होता. त्यामुळे त्या काळातल्या सर्वांत धाक असलेल्या बचावपटूंपैकी एकाच्या नावावर अधिकृत सॅक एकही नाही. योगायोग असा, की १९८२ मध्येच त्याला प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये पहिल्याच संधीला घेतले गेले. मोजमाप सुरू झाले त्याच वर्षी बिनमोजणीच्या माणसाला सर्वोच्च मान मिळाला. अंकांत दिसणारी त्याची एक ठळक कामगिरी आहे ती पदार्पणाच्या १९६२ च्या हंगामातली : प्रतिस्पर्ध्याचा पास मधल्यामध्ये झेलून थेट टचडाउन. पंधरा वर्षांत पुन्हा कधी तसे घडले नाही. पण तो काही त्याच्या रोजच्या कामाचा नमुना नव्हे. गवंड्याची आठवण त्याने एकदा काढलेल्या रांगोळीवरून ठेवावी, तसा तो प्रकार होईल.

दुसरी पायरी : पडद्यावर नसलेला संघ

ओल्सनच्या कारकिर्दीचा काळ हा टीव्हीवरच्या फुटबॉलच्या बहराचा काळ, म्हणून लोकांनी त्याला भरपूर पाहिले असणार, असे गृहीत धरले जाते. लॉस एंजेलिसच्या चाहत्यांपुरते हे फारसे खरे नाही. १९७२ पर्यंत एनएफएलचा दंडक असा होता, की घरच्या मैदानावरचा सामना त्या शहराच्या ७५ मैलांच्या परिसरात टीव्हीवर दाखवायचा नाही, मग सगळी तिकिटे खपलेली असली तरी. १९७३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा केला आणि ७२ तास आधी तिकिटे संपली असतील तर प्रक्षेपणाला मोकळीक मिळाली. रॅम्सचे मैदान होते लॉस एंजेलिस मेमोरियल कोलिझियम. ते इतके अवाढव्य, की सगळी तिकिटे संपणे हीच कठीण गोष्ट. मूळचे ॲथलेटिक्ससाठीही बांधलेले असल्याने प्रेक्षक मैदानापासून बरेच लांब बसत. तिथून मध्यभागातली झटापट म्हणजे निळ्या-पांढऱ्या गणवेशांचा एक गुंता.

दूरच्या गावी झालेले सामने टीव्हीवर दिसत, पण कॅमेरा उंचावर, एका बाजूला आणि चेंडूला चिकटलेला. झालेली चाल लगेच पुन्हा दाखवण्याची सोय पहिल्यांदा ७ डिसेंबर १९६३ रोजी आर्मी-नेव्ही सामन्यात वापरली गेली. ती अंगवळणी पडायला आणि तिच्यातून फळीतल्या माणसाकडे वळायला पुढे बरीच वर्षे लागली.

मग घरच्या सामन्याच्या दिवशी लॉस एंजेलिसचा चाहता करायचा काय? आकाशवाणी लावायचा. १९६६ पासून रॅम्सचे धावते वर्णन करत होता डिक एनबर्ग. ओल्सन म्हणजे एनबर्गच्या आवाजातले एक नाव, अशीच अनेकांची पहिली ओळख. ही बाब पुढे महत्त्वाची ठरते, कारण निवृत्तीनंतर एनबीसीवर ओल्सनच्या शेजारी समालोचनाला बसला तो हाच एनबर्ग. ज्याने दहा वर्षे त्याचे नाव हवेत सोडले, त्याच्याच बाजूला बसून आता तो स्वतः बोलू लागला.

तिसरी पायरी : चौदा निवडी कोणी केल्या?

इथे लगेच एक उत्तर येईल : ओल्सनची पहिल्या चौदा हंगामांत सलग चौदा वेळा प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड झाली. सुटले ते फक्त शेवटचे वर्ष. हा विक्रम पुढे कित्येक वर्षे कोणी मोडू शकले नाही. महाविद्यालयात असतानाच १९६१ चा आउटलँड करंडक त्याच्या हाती होता. १९६२ च्या खेळाडू-निवडीत रॅम्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतले. १९७४ मध्ये बर्ट बेल पुरस्काराने त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचा गौरव झाला. पंधरा वर्षांत तो केवळ दोन सामन्यांना मुकला. असा माणूस ‘न दिसणारा’ कसा?

प्रश्न रास्त आहे, पण या निवडी कोणाच्या होत्या ते पाहायला हवे. प्रो बोलमध्ये चाहत्यांच्या मतांना स्थान मिळाले ते १९९० च्या दशकात. ओल्सनच्या काळात ती निवड धंद्यातली माणसे करत. प्रशिक्षक सोमवारी अंधाऱ्या खोलीत सामन्याची फिल्म पुढे-मागे फिरवून बघतात. तिथे चेंडू कोणाकडे गेला याला फार किंमत नसते. गार्डला किती यार्ड मागे रेटले, दुसरा माणूस मदतीला धावून आला का, फट कोणी बुजवली, हे तिथे बघतात. ज्यांच्या गार्डला दर रविवारी ओल्सनसमोर उभे राहावे लागे, त्यांना तो पुरता दिसत होता. चौदा निवडी ही जाणकारांची पावती आहे. लोकांच्या नजरेने दिलेली ती साक्ष नाही. या दोन गोष्टींत अंतर होते, आणि ते भरून निघाले १९७७ नंतर.

चौथी पायरी : शेजारी बसलेला आवाज

निवृत्त खेळाडूला माइक देण्याची रीत तोवर जुनी झाली होती. पण माइकपुढे येत ते बहुतेक चेंडू हाताळणारे : क्वार्टरबॅक किंवा धावपटू. डॉन मेरेडिथ, जॉन ब्रोडी, फ्रँक गिफर्ड ही त्यातली ठळक नावे. त्यांच्या बोलण्यात साहजिकच चेंडूचा प्रवास येई. ओल्सन उलट बाजूने आला. तो बचावाचा माणूस आणि त्यातही मध्यभागाचा. एनबीसीकडे हक्क होते ते एएफसी गटाच्या सामन्यांचे, आणि रॅम्स एनएफसीमधले. म्हणजे स्वतःच्या जुन्या संघाच्या आठवणी उगाळत बसायची त्याला फारशी संधीच नव्हती. त्याला बोलावे लागे ते परक्यांच्या खेळावर, परक्या फळ्यांवर.

एनबर्ग-ओल्सन ही एनबीसीची पहिल्या पसंतीची जोडी एक दशकभर टिकली. १९८१, १९८३, १९८६ आणि १९८९ सालच्या सुपर बोलचे, म्हणजे अंतिम सामन्याचे, समालोचन तिच्याकडे होते. कधी सोबतीला तिसरा असे. जानेवारी १९८७ मध्ये क्लीव्हलँडला डेन्व्हरच्या क्वार्टरबॅक जॉन एलवेने पंधरा चालींत ९८ यार्ड चढाई करून बरोबरी साधली आणि त्याच्या संघाने तो सामना जादा वेळेत जिंकला. ‘द ड्राइव्ह’ या नावाने ओळखला जाणारा तो क्षण आजही दाखवतात, तेव्हा ऐकू येतात ते हेच दोन आवाज.

याच काळात सीबीएसवर जॉन मॅडन तुफान लोकप्रिय होत होता. पडद्यावर रेघोट्या ओढत, आरोळ्या ठोकत, हातवारे करत तो खेळ समजावून देई. त्याच्यापुढे ओल्सन फिका वाटे, असे म्हणणारे तेव्हाही होते, आणि त्यात तथ्य आहे. मॅडनची मजा ओल्सनमध्ये नव्हती. युटा स्टेट विद्यापीठातून अर्थशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतलेल्या या माणसाची बोलण्याची ढब शिक्षकी होती : आवाज खाली, वाक्य पूर्ण, घाई नाही. कधी कधी तर जरा जास्तच नीटनेटकी. पण या ढबीचा एक परिणाम झाला. चेंडू सुटण्याआधीचे दोन सेकंद हा बोलण्याजोगा विषय आहे, हे प्रेक्षकाला हळूहळू कळत गेले. पास का चुकला? क्वार्टरबॅकचा नेम चुकला म्हणून की आतून रेटा आल्याने त्याला पाऊल पुढे टाकता आले नाही म्हणून? हा प्रश्न घरात सोफ्यावर बसून विचारता येऊ लागला.

हे एकट्या ओल्सनचे कर्तृत्व नव्हे. कॅमेरे वाढले, पुनर्दर्शन सुधारले आणि मॅडनचा वाटा तर मोठाच, कारण तोही मूळचा फळीतलाच. तरी एनबीसीच्या प्रेक्षकापुरता हिशेब असा, की खेळाच्या ज्या भागात ओल्सनने पंधरा वर्षे काढली, तो भाग बघायला त्या प्रेक्षकाला बऱ्याच अंशी ओल्सननेच शिकवले. तो प्रेक्षक जेव्हा ‘ओल्सन काय खेळायचा!’ म्हणतो, तेव्हा १९६८ चा सामना तो १९८५ च्या डोळ्यांनी पुन्हा बघत असतो. आठवणीचा हा क्रम ध्यानात घेतला की ‘खेळ ही रक्कम, टीव्ही हे व्याज’ हा हिशेब टिकत नाही.

पाचवी पायरी : रविवार आणि सोमवार

अभिनयाची सुरुवात खेळत असतानाच झाली. १९६९ मधल्या जॉन वेन आणि रॉक हडसन यांच्या ‘द अनडिफिटेड’ या चित्रपटात ओल्सन आणि रॅम्सचा क्वार्टरबॅक रोमन गॅब्रिएल दोघेही होते. खेळाडूंची नावे जाहिरातीला उपयोगी पडतात म्हणून दिल्या जातात तसल्या या भूमिका. त्यात थांबण्यासारखे काही नाही.

‘लिटल हाउस’चे तसे नाही. मालिकेतला मिस्टर एडवर्ड्स, म्हणजे व्हिक्टर फ्रेंच, १९७७ मध्ये बाहेर पडला आणि नायक चार्ल्स इंगल्सला नवा मित्र हवा झाला. मालिका ज्यांवर बेतली त्या लॉरा इंगल्स वाइल्डरच्या पुस्तकांत नसलेला जोनाथन गार्व्ही त्यासाठी निर्माण करण्यात आला. निर्माता, नट आणि अनेकदा दिग्दर्शकही असलेल्या मायकेल लँडनच्या शेजारी ओल्सन उभा राहिला की चौकटच वाकडी होई, एवढा उंचीत फरक. मालिकेने तो लपवला नाही, उलट त्याची गंमत केली.

वेळापत्रकाकडे नीट पाहावे. फुटबॉल एनबीसीवर रविवारी दुपारी. ‘लिटल हाउस’ त्याच वाहिनीवर सोमवारी रात्री आठला. हंगामाच्या दिवसांत एकाच घरात रविवारी ओल्सनचा आवाज ऐकू येई आणि दुसऱ्या रात्री त्याचा चेहरा दिसे. रविवारचा प्रेक्षक आणि सोमवारचा प्रेक्षक बहुधा एक नसे. एकीकडे वडील आणि मोठी मुले, दुसरीकडे आई, आजी, लहान पोरे. फुटबॉलचा एकही नियम ठाऊक नसलेल्यांनाही हा माणूस ओळखीचा झाला. पुढे फुलांच्या गुच्छांच्या जाहिरातींतही तो झळकला, तेव्हा या दोन्ही ओळखी एकत्र आल्या.

गार्व्ही म्हणजे नुसता सोज्वळ दांडगोबा, असे समजणे सोपे आहे. तसे लिहिलेले भाग आहेतच. पण ‘बार्न बर्नर’ या १९७९ मधल्या भागात गार्व्हीचे कोठार जळते आणि तो वर्णद्वेष्ट्या शेजाऱ्यावर आरोप ठेवतो. तो शेजारी तिरस्काराला पात्र असला तरी या गुन्ह्यापुरता निर्दोष असतो. म्हणजे गार्व्हीचा राग समजण्यासारखा आहे आणि तरी चुकीचा आहे. पुढच्या वर्षी अंधशाळेच्या आगीत गार्व्हीची बायको ॲलिस मरते आणि तेव्हापासून ओल्सनला खचलेल्या विधुराची भूमिका करावी लागते. त्याचा अभिनय थोर नव्हता. चेहऱ्याच्या हालचाली मोजक्या, संवाद एकाच पट्टीत. पण तेवढ्या मोठ्या देहाला काहीही करता न येणे, ही अवस्था त्याला दाखवता आली, आणि त्या दृश्यांना तेच हवे होते.

याच बळावर लँडनने त्याच्यासाठी ‘फादर मर्फी’ ही स्वतंत्र मालिका काढली. ती १९८१ ते १९८३ चालली. डकोटातल्या अनाथ मुलांना आसरा मिळावा म्हणून पाद्री असल्याचे सोंग घेणारा भटक्या, ही मध्यवर्ती कल्पना. इथेही थोराड शरीर आणि त्याने पत्करलेली जबाबदारी यांचीच जोडी. ताकद मुख्यतः दुसऱ्याला मोकळे ठेवण्यासाठी वापरायची, हे गार्व्ही आणि मर्फीमधले सूत्र डिफेन्सिव्ह टॅकलच्या कामाशी जुळते. ‘मैदानावर असा, बाहेर तसा’ या सूत्रातला विरोध त्यामुळे वरवरचा ठरतो. त्याच्या भूमिकांत आणि त्याच्या खेळात एकच शिस्त होती. खेळातली ती चाहत्यांना ओळखू येत नव्हती, एवढेच.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप : असे असेल तर चाहत्यांची आठवण खोटी म्हणायची. त्यांनी खेळ पाहिला नाही, टीव्हीने बनवलेली प्रतिमा पाहिली. याला उत्तर असे, की नंतर मिळालेल्या ज्ञानाने जुना अनुभव समजणे म्हणजे खोटे आठवणे नव्हे. मुद्दा इतकाच, की नंतर मिळालेले ज्ञान खरे असावे. ओल्सनच्या बाबतीत ते तपासता येते, कारण प्रशिक्षकांच्या चौदा निवडी स्वतंत्रपणे तेच सांगतात. चाहते त्या निष्कर्षाला उशिरा आणि दुसऱ्या वाटेने पोहोचले.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे आणि त्याचे नाव ओ. जे. सिम्पसन. तोही खेळाडू, समालोचक आणि नट. ‘द टॉवरिंग इन्फर्नो’ आणि ‘द नेकेड गन’मधला हसरा चेहरा, मंडे नाइट फुटबॉलमधला आवाज, जाहिरातींतला लाडका. १९९४ मध्ये त्याच्यावर दोन खुनांचा आरोप आला. १९९५ मध्ये फौजदारी खटल्यात तो सुटला, १९९७ मध्ये दिवाणी न्यायालयाने त्याला जबाबदार धरले. पडद्यावरच्या सहवासावरून माणसाचा स्वभाव कळतो असे मानणाऱ्यांना हा सणसणीत धडा होता. ओल्सनला ‘देवमाणूस’ म्हणणारे चाहते त्याच चुकीच्या वाटेने चालले नव्हते का?

काही अंशी चाललेच होते. गार्व्ही भला होता म्हणून ओल्सन भला, हा तर्क लंगडा आहे. मुलांच्या रुग्णालयांसाठी निधी जमवणारे चिल्ड्रन्स मिरॅकल नेटवर्कचे टीव्ही कार्यक्रम त्याने चालवले, हा त्याच्या वागण्याचा पुरावा मानता येईल, पण तोही सार्वजनिक वागण्याचाच. म्हणूनच ‘देवमाणूस’ या शेऱ्यावर आठवणीची इमारत उभी करणे धोक्याचे. सिम्पसनचे उदाहरण त्या शेऱ्याला पाडते. समालोचनातून मिळालेली नजर त्याने पडत नाही, कारण फळीचा खेळ समजावून देणारा माणूस घरी कसा वागतो यावर ते समजावणे खरे की खोटे हे ठरत नाही.

तिसरा आक्षेप ॲलेक्स कॅरासचा. हा डेट्रॉइट लायन्सचा खेळाडू. जागा तीच, डिफेन्सिव्ह टॅकल. काळही जवळपास तोच. त्यानेही १९७४ ते १९७६ मंडे नाइट फुटबॉलवर समालोचन केले. ‘ब्लेझिंग सॅडल्स’मध्ये घोड्याला ठोसा मारून आडवा करणारा मोंगो तोच, आणि ‘वेबस्टर’ मालिकेतला प्रेमळ बापही तोच. वरचा सिद्धान्त खरा असता तर पडद्याने कॅरासचाही खेळ लोकांपर्यंत पोहोचवायला हवा होता. प्रत्यक्षात तो २०१२ मध्ये वारला आणि हॉल ऑफ फेममध्ये गेला २०२० मध्ये. सट्ट्यापायी १९६३ चा पूर्ण हंगाम त्याला बाहेर काढले होते, हे या उशिराचे एक कारण म्हणून सांगतात. पण चाहत्यांच्या पातळीवरही फरक होताच. कॅरास विनोदी होता आणि माइकवर विनोदच करी. त्याच्या पडद्यावरच्या रूपाने त्याचा खेळ उलगडला नाही, तर झाकला. कित्येकांना मोंगो ठाऊक आहे आणि लायन्सचा ७१ क्रमांकाचा खेळाडू ठाऊक नाही. टीव्हीवर येणे पुरेसे नसते, तिथे काय बोलले जाते यावर सगळे अवलंबून असते, इतकी दुरुस्ती सिद्धान्तात करावी लागते. ती केल्याने तो मोडत नाही, नेमका होतो.

आठवणीत न आलेले

अशा आठवणीची एक किंमतही असते. आवाज आणि चेहरा यांतून घडलेल्या ओल्सनमध्ये पराभवाला जागा उरली नाही. त्याच्या रॅम्सने सुपर बोल कधीच गाठला नाही. १९७४, १९७५ आणि १९७६ या तिन्ही हंगामांत ते एका पायरीवर अडले. दोनदा मिनेसोटात, आणि मध्ये एकदा कोलिझियमवर, डॅलसकडून ३७-७ अशा धुलाईने. त्याचा अखेरचा सामना २६ डिसेंबर १९७६ चा, मिनेसोटातल्या थंडीतला, २४-१३ असा गमावलेला. श्रद्धांजल्यांत हे क्वचितच आले. क्वार्टरबॅकच्या बाबतीत करंडक नसणे हा डाग मानतात. फळीतल्या माणसाला ते कोणी विचारले नाही. ही सवलत त्याला न दिसणाऱ्या जागेनेच मिळवून दिली.

आजाराचेही तसेच. २००९ मध्ये त्याला मेसोथेलिओमा झाल्याचे निदान झाले. हा ॲस्बेस्टॉसच्या धुळीशी जोडलेला, अवयवांच्या आवरणाचा कर्करोग. त्याच वर्षाअखेर त्याने अनेक कंपन्यांविरुद्ध दावा लावला. आपल्याला ॲस्बेस्टॉसची बाधा कामाच्या ठिकाणी झाली, असे त्याचे म्हणणे होते. ‘सौम्य दैत्य’ ही प्रतिमा जपणाऱ्यांना कोर्टात भांडणारा ओल्सन सोयीचा नव्हता. पण आपल्या हद्दीत घुसू न देणारा टॅकल ज्यांना खरोखर समजला, त्यांना यात विसंगती वाटायचे कारण नाही.

शेवटचे मानसन्मान आणि पुढचे

युटा स्टेट विद्यापीठाने त्याच्या आजाराची गंभीरता ओळखून पुढच्या फुटबॉल हंगामाची वाट पाहिली नाही. ५ डिसेंबर २००९ रोजी बास्केटबॉलच्या एका सामन्याच्या मध्यंतरातच रॉमनी स्टेडियममधल्या मैदानाला त्याचे नाव दिल्याचे जाहीर केले. ओल्सन तिथे हजर होता. २० डिसेंबरला रॅम्सनेही त्याचा गौरव केला. संघ तोवर सेंट लुइसला गेला होता. तिथे तो प्रकृतीमुळे जाऊ शकला नाही. त्या प्रसंगी दाखवलेल्या चित्रफितीला आवाज होता डिक एनबर्गचा. १९६६ मध्ये आकाशवाणीवर ज्या आवाजातून लॉस एंजेलिसच्या श्रोत्यांना ओल्सन कळू लागला, तोच.

आता त्याला प्रत्यक्ष कोलिझियममध्ये पाहिलेला सगळ्यांत तरुण चाहताही पन्नाशीच्या पुढचा असेल. साठच्या दशकातल्या सामन्यांच्या प्रक्षेपणांच्या फिती वाहिन्यांनी फारशा जपल्या नाहीत. पहिल्या सुपर बोलची फीतही दोन वाहिन्यांपैकी एकीनेही नीट ठेवली नव्हती. एनबीसीवरच्या समालोचनाचे मोजके सामने तेवढे पुन्हा दिसतात. ‘लिटल हाउस’ मात्र सतत कुठे ना कुठे चालू असते. त्यामुळे पुढच्या पिढीत गार्व्ही आधी, समालोचक त्यानंतर आणि खेळाडू सगळ्यांत शेवटी, असा क्रम राहणार. दुसऱ्या बाजूला, २०२१ मध्ये संशोधकांनी जुन्या सामन्यांच्या नोंदी पिंजून १९६० पासूनचे सॅक मोजले आणि ते अनौपचारिक आकडे प्रसिद्ध झाले. त्यांत जोन्सचा आकडा अर्थातच कितीतरी मोठा आहे. ओल्सनच्या नावापुढेही आता शून्य नाही. जोन्सच्या त्या आकड्यातले किती सॅक ओल्सनने दोघांना अडवून धरल्यामुळे झाले, याचा रकाना मात्र त्या तक्त्यात नाही.